दानपेटीतली रक्कम आणि प्राप्तिकर

धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्टची नोंदणी झाली म्हणजे प्राप्तिकर माफ झाला, हा समज चुकीचा आहे. प्राप्तिकर विभागाकडे वेगळी नोंदणी करावी लागते आणि वर्षाच्या उत्पन्नातले किमान ८५% उद्दिष्टांवर खर्च करावे लागते.

खरी अडचण दानपेटीची. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या (३१ मार्च २०२६ पर्यंत लागू) कलम ११५ बीबीसीनुसार, देणाऱ्याचे नाव व पत्ता नोंदलेला नसलेली देणगी निनावी ठरते आणि तिच्यावर खास कर लागतो. संस्था निव्वळ धार्मिक असेल, मग ते मंदिर असो, चर्च वा दर्गा, तर अशा देणगीवर हा खास कर नाही. धार्मिक आणि धर्मादाय दोन्ही कामे करणाऱ्या संस्थेलाही सूट आहे. मात्र तिच्याच शाळेसाठी किंवा दवाखान्यासाठी म्हणून दिलेली निनावी रक्कम या सुटीतून वगळलेली आहे.

निव्वळ धर्मादाय संस्थेचा हिशेब असा: एकूण देणग्या ३० लाख, त्यात निनावी ४ लाख. एकूण देणग्यांचे ५% म्हणजे दीड लाख, किंवा १ लाख, यांपैकी मोठी रक्कम सोडायची. उरलेल्या अडीच लाखांवर ३०% दराने ७५,००० रुपये, वर सेस (करावर लागणारा उपकर).

म्हणून पेटीशेजारी पावतीपुस्तक ठेवा. पेटी दोन विश्वस्तांसमोर उघडा, रक्कम मोजून पंचनाम्यावर सह्या घ्या आणि ती बँकेत वेगळ्या स्लिपने भरा. काही ठिकाणी पेटीतले पैसे परस्पर किरकोळ खर्चाला वापरतात. मग लेखापरीक्षणात जमाच जुळत नाही. लोकांच्या पैशावर सवलत घेणाऱ्याने एवढा हिशेब द्यायलाच हवा.