गांजा सोडताना संमोहनाची जोड

साताऱ्यात असाल तर आधी जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. कानात आवाज येत असतील, संशय बळावला असेल तर संमोहन नकोच. एरवीही ते एकटं पुरत नाही, समुपदेशनाला जोड म्हणून घ्या.

गांजा सोडल्यावर चिडचिड, निद्रानाश १-२ दिवसांत सुरू होतो; पहिला आठवडा फार जड जातो. घरात चिलीम, पुडी ठेवू नका.

स्वतःच करायचं संमोहन असं: तलफ आली की बसा. ४ मोजत श्वास आत, ६ मोजत बाहेर, असं १० वेळा. मग डोळे मिटून अजिंक्यतारा किल्ल्याची वाट मनातल्या मनात सावकाश उतरा, मनात म्हणा, ‘माझा श्वास मोकळा आहे.’ ‘गांजा नको’ म्हणाल तर गांजाच डोळ्यांपुढे येतो. सराव मात्र रोज झोपण्याआधी हवा. ऐन तलफेत पहिल्यांदा करून पाहिलं की जमत नाही. रात्री-अपरात्री मन सैरभैर झालं तर ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लावा.