शेवटचं वर्ष कंपनीत काढताना

आमचं कॉलेज स्वायत्त, त्यामुळे इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष कंपनीत काढायची मुभा होती. मी वाळवा तालुक्यातली. ते वर्ष बाणेरला, दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या चाळीसेक माणसांच्या कंपनीत गेलं. यंदा जी मुलं-मुली निघाली आहेत त्यांच्यासाठी हे लिहितेय.

सही करण्याआधी फोन करून विचारा: मेंटॉर कोण, स्टायपेंड किती तारखेला, लॅपटॉप कुणाचा, बाँड आहे का. डिपॉझिट मागणाऱ्या किंवा मूळ मार्कशीट ठेवून घेणाऱ्या ठिकाणी जाऊच नका. माझ्या मैत्रिणीची मार्कशीट एका ठिकाणी चार महिने अडकली होती आणि ते चार महिने तिने कसे काढले ते मी पाहिलंय. ब्लॅक बुकमध्ये, म्हणजे कॉलेजला द्यायच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये, कंपनीच्या कामातलं काय छापता येईल, हेही पहिल्याच आठवड्यात मेलवर लेखी घ्या. एनडीएवर, म्हणजे गोपनीयतेच्या करारावर, सही झाली की विचारल्याशिवाय कोडचा स्क्रीनशॉटसुद्धा कॉलेजच्या गाइडना दाखवायचा नाही.

खोली ऑफिसपासून चालत जाता येईल अशी बघा, भाडं थोडं जास्त पडलं तरी.

पहिल्या महिन्यात आपला काही उपयोगच नाही असं वाटत राहतं. माझे तर नुसत्या सेटअपमध्ये तीन दिवस गेले, कारण सूचना जुन्या होत्या. जिथे जिथे अडले ते वहीत लिहिलं आणि शेवटी रीडमी, म्हणजे त्या सूचनांची फाइल, दुरुस्त करून टाकली. माझी पहिली कमिट, म्हणजे कोडमध्ये नोंदवलेला बदल, तीच. तुम्हीही हे करा. जुन्या लोकांना सगळं पाठ असतं, खाचखळगे नव्या माणसालाच दिसतात.

प्रश्न विचारायला मी फार घाबरायचे. मग मेंटॉरनी एक पद्धत लावून दिली. अर्धा तास स्वतः झटायचं, तरी सुटलं नाही तर तीन ओळी लिहायच्या: काय करायचं होतं, काय करून पाहिलं, काय झालं. एररचा मजकूर पूर्ण चिकटवायचा, मोबाइलवर काढलेला फोटो नाही. निम्म्या वेळा दुसरी ओळ लिहितानाच उत्तर सापडायचं. उरलेल्या वेळी समोरच्याला पाच मिनिटांत मदत करता यायची.

ऑक्टोबरमध्ये एका केंद्रावरून तक्रार आली. काही उत्पादकांच्या कार्डावर 11 तारखेला सकाळचं दूध लिहिलेलं, पण दर दहा दिवसांचं बिल निघतं, त्यात ते मागच्या दहा दिवसांत गेलेलं. सगळे बिलाचा हिशेब तपासत बसले होते. मला कोड नीट वाचता येत नव्हता, म्हणून मी चुकलेल्या नोंदी काढून नुसत्या वेळा लिहिल्या: 4:52, 5:10, 5:26. साडेपाचनंतरची एकही नाही. आमची काकू धार काढून पाचलाच डेअरीला दूध घालायला जाते, नंतर रांग लागते म्हणून. त्यामुळे त्या वेळा बघून मला नवल वाटलं नाही, पण साडेपाचलाच रेघ का, हे कळेना. तीन ओळी लिहून पाठवल्या. मेंटॉर माझ्या खुर्चीशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सर्व्हर यूटीसीवर आहे."

यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाण वेळ, आपल्या साडेपाच तास मागे. आपले 11 तारखेचे पहाटेचे 5:10 म्हणजे तिथे 10 तारखेचे रात्रीचे 11:40. बिलाचा रिपोर्ट तारीख तिथून उचलत होता. तारीख काढायच्या आधी वेळ भारतीय वेळेत आणायची, एवढाच बदल होता. सोबत 5:29 आणि 5:31 अशा दोन टेस्ट लिहिल्या. म्हणून सांगते, कोडमध्ये शिरण्याआधी कच्च्या नोंदी डोळ्यांखालून घाला. आणि घरची, गावची जी माहिती आहे ती ऑफिसात बोलून दाखवा. मला आधी तिची लाज वाटायची, ती वाटायला नको होती.

पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल तपासून कोडमध्ये घ्या अशी विनंती, छोटी ठेवा. माझी पहिली चौदा फाइल्सची होती, ती "तुकडे कर" एवढ्याच शेऱ्यासह परत आली. चार तुकडे केले तेव्हा कुठे कुणी मनापासून वाचली.

दर शुक्रवारी अर्धा तास काढून त्या आठवड्याचं एक पान लिहा: काय केलं, काय चुकलं, कुणी काय सुचवलं. ब्लॅक बुक त्यातूनच उभं राहतं. न लिहिलेल्यांची मे महिन्यात काय धावपळ होते ते मी शेजारच्या खोलीत पाहिलं.

शेवटच्या पंधरवड्यात नवं काम घेऊ नका, हातातलं दुसऱ्याला समजावून द्या. कम्प्लिशन लेटर मिळालं की नाव मार्कशीटप्रमाणे आहे का, दोन्ही तारखा बरोबर आहेत का, ते तिथेच उभ्याने तपासा. लॅपटॉप त्यानंतरच परत द्या, कारण मेल आयडी त्याच संध्याकाळी बंद होतो.