टाइल घेताना या चुका टाळा: चकाकी मागाहून, आधी पेटी वाचा

टिचकी मारायची, खणखणीत वाजली की 'माल चांगला' म्हणायचं आणि भाव करायचा. बहुतेकांची टाइलखरेदी अशीच होते. पुढे फरशी पोकळ वाजू लागली की खापर गवंड्यावर. खरं तर पुष्कळ तक्रारी एका आकड्याकडे दुर्लक्ष केल्यामुळे होतात, तो म्हणजे पाणी शोषण्याचं प्रमाण.

आयएस १५६२२ या भारतीय मानकात दाबून बनवलेल्या टाइलचे गट याच आकड्यावर पाडलेत. ०.५ टक्क्यापर्यंत शोषणारी ती व्हिट्रिफाइड, १० टक्क्यांच्या वर गेली की ती भिंतीची. भिंतीच्या उरलेल्या टाइल बाल्कनीत जमिनीला लावल्या, की भरलेला सिलिंडर टेकवताच तडा जातो. ती दोष असलेली टाइल नसते, चुकीच्या जागची असते.

उलट चूक जास्त महागात पडते. व्हिट्रिफाइड टाइल सिमेंटच्या रबडीवर बसवतात. ती पाणीच ओढत नाही, मग सिमेंट तिला धरणार कसं? तिथे आयएस १५४७७ मधला, व्हिट्रिफाइडला चालणारा ॲडहेसिव्हच, म्हणजे टाइल चिकटवायचा तयार मसालाच हवा. तिला आदल्या रात्री टबात भिजवणं तर निव्वळ वेळेचा अपव्यय. सिमेंटवर बसवायची भिंतीची टाइल मात्र भिजवलीच पाहिजे.

पेटीवर आकडा नसेल तर स्वयंपाकघरातला काटा काढा. कोरड्या टाइलचं वजन करा, दिवसभर पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा तोला. १२०० ग्रॅमची १३५० झाली, तर शोषण १२.५ टक्के. प्रयोगशाळेत टाइल उकळवून किंवा निर्वातात भिजवून हेच मोजतात आणि तिथला आकडा थोडा जास्तच येतो. पण भिंतीची की जमिनीची, एवढं घरीही कळतं.

झीज दाखवणारा पीईआय वर्ग फक्त ग्लेझ्ड, म्हणजे वर काचेसारखा थर दिलेल्या टाइलचा असतो. त्याचा घसरण्याशी संबंध नाही. घसरण किती रोखते ते आर-मानांकन सांगतं, बाथरूमसाठी आर-१० किंवा वरचं विचारा. आर-९ सगळ्यात खालचं.

लांब टाइल घेताना दोन नग तोंडाला तोंड लावून कडेने बघा. दोघींत कुठेही फट दिसली तर टाइलला बाक आहे. थोडा बाक मानकातही चालतो, पण अशा टाइल विटांसारख्या अर्ध्यावर सरकवून लावू नका, नाहीतर कडा पायाला लागतात. एक तृतीयांश सरकवा.

सगळ्या पेट्यांवर शेड आणि बॅच एकच आहे ना, हे टेम्पो उतरवतानाच तपासा. टाइल लागल्यावर दुकानदार परत घेत नाही.