एक्स-रे लेझरवर काम करायचंय? आधी सॅम्पलशी दोस्ती करा

हॅम्बुर्गजवळच्या युरोपियन एक्सफेल या एक्स-रे लेझरवर काम करते म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, 'म्हणजे तू लेझर चालवतेस?' नाही हो. ३.४ किलोमीटर लांबीची ती यंत्रणा सांभाळायला वेगळी माणसं आहेत. आमचा जन्म जातो सॅम्पल, म्हणजे विषाणू किंवा प्रोटीनचे क्रिस्टल, किरणापुढे नेण्यात आणि नंतर डेटा चाळण्यात.

एक्स-रेनं अशा कणांची रचना टिपायची ही कल्पना भन्नाट आहे, यात वाद नाही. एक्स-रे इतके प्रखर की कणाच्या चिंधड्या उडतात, पण पल्स काही फेम्टोसेकंदांचा (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग). चिंधड्या उडायच्या आत विवर्तनाचं, म्हणजे कणावरून विखुरलेल्या किरणांचं, चित्र उमटलेलं असतं. अर्थात दर चित्राला नवा कण लागतो. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एलसीएलएस या अशाच लेझरवर मिमिव्हायरस हा मोठा विषाणू असाच टिपला. त्याच वेळी प्रसिद्ध झालेल्या फोटोसिस्टिम-१ या प्रकाशसंश्लेषणातल्या प्रोटीनच्या क्रिस्टलवरच्या प्रयोगात ३० लाखांहून जास्त चित्रं घेतली गेली. रचना काढायला कामी आली ती १५ हजारांच्या आसपास!

विषाणूचं द्रावण बारीक थेंबांत फवारतात. थेंब वाटेतच सुकून नुसता विषाणू उरायला हवा. बफरमध्ये, म्हणजे विषाणू ज्या द्रावणात ठेवतात त्यात, मीठ असलं तर ते विषाणूवर थर धरतं, आणि विषाणू नसलेल्या थेंबाचाही मिठाचा गोळा होतो. स्क्रीनवर सुबक गोल कडी उमटली की नवखी मंडळी खूश, जुनी माणसं मान न वळवता म्हणतात, 'थेंब आहे.' मिमिव्हायरससारखा पैलूदार कण असेल तर मध्यातून फाकणारे पट्टे दिसतात. मीठ मागे उरू नये म्हणूनच सहज उडून जाणारा अमोनियम ॲसिटेटचा बफर घेतात.

सुट्या विषाणूंऐवजी प्रोटीनचे क्रिस्टल वापरणाऱ्यांचं दुखणं निराळं. द्रावणाची धार काही मायक्रॉन जाडीची. नोझल तुंबतं, निर्वातात पाणी गोठून बर्फ साचतो, आणि बीमटाइमचं, म्हणजे लेझर वापरायला मिळालेल्या वेळेचं, घड्याळ चालूच राहतं.

निकाल प्रसिद्ध करणार असाल तर बीमटाइमला पैसे पडत नाहीत, पण प्रस्तावांची चुरस जबर. एकट्यानं अर्ज करण्यापेक्षा ज्यांना वेळ मिळतो अशा गटात शिरा; हॅम्बुर्गला डेझी या संशोधन केंद्राच्या आवारात, स्वीडनमध्ये उप्सालाला असे गट आहेत. पायथन आणि लिनक्स हवंच. भारतात असाल तर इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर (एक्स-रे देणारं गोलाकार यंत्र) प्रोटीन क्रिस्टलोग्राफीची बीमलाइन, म्हणजे प्रयोगाची जागा, आहे, तिथे हात बसवता येतो. बायोकेमिस्ट्रीवाल्यांनी तर बिचकूच नये. शुद्ध, एकसारखं सॅम्पल बनवणारा माणूस इथे भौतिकीवाल्यापेक्षा दुर्मीळ, असं माझं मत.

मुलाखतीत एक प्रश्न जरूर विचारा: तुमच्याकडे सॅम्पल कोण बनवतं?