पुण्यात या आठवड्यात कुठलं नाटक, कुठलं नृत्य? शोधायचं कसं, बघायचं कसं

मागच्या हिवाळ्यात साताऱ्याची मावशी आठ दिवस राहायला आली होती. आल्या आल्या तिने एका नाटकाचं नाव घेतलं, म्हणाली चालू आहे ना ते पुण्यात, मग रविवारी जाऊया. बघितलं तर शनिवारी दुपारीच बालगंधर्वला प्रयोग होऊन गेला होता, रविवारी ते नाटक नाशिकला, नंतर ठाणे, पार्ले, आणि पुण्यात परत यायला तीन आठवडे. तोपर्यंत मावशी परत साताऱ्याला. फार वाईट वाटलं, कारण तिच्याकडे नाट्यगृह नाही असं नाही, पण तिला पुण्यात, बालगंधर्वलाच बघायचं होतं.

तर पहिली गोष्ट हीच लक्षात घ्या. सिनेमा लागतो आणि रोज असतो. आपलं नाटक लागत नाही, ते फिरतं. मुंबईहून सेट टेम्पोत भरून येतो, दुपारी प्रयोग, रात्री दुसऱ्या थिएटरला प्रयोग, पहाटे परत. त्यामुळे 'सध्या चालू आहे' याचा अर्थ 'पुण्यात अमुक तारखेला, अमुक वेळेला, अमुक थिएटरला एक प्रयोग आहे' एवढाच. तो चुकला की पुढचा कधी ते निर्मात्याला तारीख कुठे मिळते त्यावर. महापालिकेच्या थिएटरच्या तारखा काही महिने आधीच वाटल्या जातात, आणि त्याच तारखांवर शाळांची गॅदरिंग, गाण्याचे कार्यक्रम, राजकीय मेळावे असे सगळेच डोळा ठेवून असतात. म्हणून शनिवार-रविवारच्या प्रयोगाची बातमी आपल्याला बुधवार-गुरुवारपर्यंत हातात पाहिजे.

ती मिळवायची कशी? अजूनही सगळ्यात पक्की जागा म्हणजे पेपरातली नाटकांची जाहिरात. छोट्या छोट्या चौकटी असतात, वर नाटकाचं नाव, खाली 'शनि. दु. १२.३० यशवंतराव', 'रवि. सायं. ५.३० रामकृष्ण मोरे' असं. सवय नसेल तर हे वाचताना दोन ठिकाणी घोटाळा होतो. एक म्हणजे वेळ: पुण्यात साधारण तीन वेळा ठरलेल्या आहेत, दुपारी साडेबारा, संध्याकाळी पाच किंवा साडेपाच, आणि रात्री साडेनऊ. साडेबारा म्हणजे भर दुपार, जेवून जायचं की नंतर जेवायचं ते आधी ठरवा, कारण नाटक अडीच तास धरलं तरी बाहेर पडायला तीन-सव्वातीन होतात. दुसरा घोटाळा थिएटरच्या नावाचा. यशवंतराव चव्हाण नाट्यगृह आपल्या कोथरूडला आहे आणि यशवंत नाट्य मंदिर मुंबईत माटुंग्याला. आचार्य अत्रे रंगमंदिर पिंपरीत संत तुकाराम नगरला आहे आणि त्याच नावाचं कल्याणलाही आहे. ॲपवर शहर चुकून मुंबई राहिलं असेल तर गडबडीत तिकीट काढून मोकळे व्हाल, म्हणून पैसे भरायच्या आधी पत्ता वाचाच.

ॲपचं म्हणाल तर बुकमायशो आहे, आणि प्रशांत दामलेंनी खास नाटकांसाठी सुरू केलेलं तिकिटालय आहे, त्यात बरीच मराठी नाटकं एका जागी दिसतात. दोन्ही फोनवर ठेवा. पण ॲपवर 'हाऊसफुल्ल' दिसलं म्हणून नाद सोडू नका हे मी अगदी मनापासून सांगते. सगळ्या सीट ॲपला दिलेल्या असतीलच असं नसतं, काही खिडकीवर असतात, काही फोन बुकिंगच्या असतात आणि लोक न्यायला आले नाहीत की त्या सुटतात. जाहिरातीत फोन नंबर असतो त्यावर फोन करा, बहुतेक वेळा पलीकडचा माणूस नीट सांगतो, दोन मिळतील, बाल्कनी चालेल का वगैरे.

आणि जमेल तेव्हा खिडकीवर जाच. बालगंधर्वच्या खिडकीवर अजूनही कागदाचा प्लॅन बघायला मिळतो, सगळ्या रांगा, अक्षरं, नंबर, आणि गेलेल्या सीटवर पेनाने मारलेल्या फुल्या. तो प्लॅन आपल्याकडे फिरवून दाखवतात आणि मग आपण बोट ठेवायचं. फोनच्या स्क्रीनवर हिरवे चौकोन बघून जे कळत नाही ते इथे एका नजरेत कळतं, की मधल्या पॅसेजच्या कडेची एक जोडी उरलीय, आजीला गुडघ्याचा त्रास आहे तर तीच घ्यावी. आतले काका विचारलं तर सांगतातही, हे घेऊ नका, समोर खांब नाही पण फार कोपरा पडतो. खिडकी दिवसभर उघडी नसते, सकाळी आणि संध्याकाळी अशा वेळा असतात, त्या बाहेर लिहिलेल्या असतात.

तिकिटाचे दर साधारण तीनशे ते पाचशे. बऱ्याच नाटकांचं सगळ्यात महाग तिकीट पाचशेलाच का थांबतं असं वाटत असेल तर त्याला कारण आहे, २०१८ पासून नाटक आणि नृत्याच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, त्याच्या वर गेलं की लागतो. पहिल्या दोन रांगांसाठी जास्त पैसे द्यायची गरज नाही असं माझं मत आहे. फार पुढे बसलं की मान वर करून बसावं लागतं आणि दोन पात्रं दोन टोकांना असली की टेनिसची मॅच बघितल्यासारखं होतं. पाचवी ते नववी रांग उत्तम. बाल्कनी स्वस्त असते, विनोदी नाटकाला चालते, पण हळू आवाजातलं, चेहऱ्यावरचं नाटक असेल तर खालीच बसा.

आता थिएटर. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ सालचं, जंगली महाराज रोडला, मेट्रोचं छत्रपती संभाजी उद्यान स्टेशन जवळ आहे त्यामुळे पार्किंगची कटकट वाचते, फक्त रात्रीच्या साडेनऊच्या प्रयोगाला परतीची मेट्रो मिळत नाही हे धरून चला. टिळक रोडला टिळक स्मारक, सदाशिव पेठेत भरत नाट्य मंदिर, चिंचवडला रामकृष्ण मोरे. ही झाली मोठी नाटकं येतात ती ठिकाणं, आणि बहुतेक लोक इथेच थांबतात.

मला खरं तर पुढचं जास्त सांगायचंय. शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच, हिराबागेतलं ज्योत्स्ना भोळे सभागृह आणि श्रीराम लागू रंग-अवकाश, एरंडवण्यातलं द बॉक्स, या छोट्या जागांमध्ये जे चालतं ते पेपरातल्या चौकटीत फारसं येत नाही. पुण्यातले तरुण ग्रुप, प्रायोगिक नाटकं, अभिवाचन, दीर्घांक (एकांकिकेपेक्षा मोठं, एका अंकातलं नाटक), कधी बाहेरच्या राज्यातलं हिंदी नाहीतर कन्नड नाटक. सुदर्शनला पहिल्यांदा गेले तेव्हा नट इतका जवळ होता की त्याच्या कपाळावरचा घाम दिसत होता, त्याने काडी ओढली तर गंधकाचा वास आमच्यापर्यंत आला, आणि पुढचा तासभर कोणी खुर्चीत हललंसुद्धा नाही. हे मोठ्या थिएटरमध्ये होत नाही. इथल्या कार्यक्रमांसाठी त्या संस्थांचे इन्स्टा आणि फेसबुक पेज फॉलो करा, आणि एकदा गेलात की दाराशी नाव-नंबर लिहायला वही असते त्यात लिहून या, मग व्हॉट्सॲपवर मेसेज येत राहतात. इथे सीट नंबर बऱ्याचदा नसतात, आधी येईल तो पुढे, त्यामुळे अर्धा तास आधी पोचा. उशीर झाला तर आत सोडत नाहीत आणि ते बरोबरच आहे, दार उघडलं की बाहेरचा सगळा प्रकाश नाटकात शिरतो.

भरत नाट्य मंदिरसाठी दोन गोष्टी कॅलेंडरवर मांडून ठेवा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुरुषोत्तम करंडक, १९६३ पासून चालू असलेली कॉलेजच्या एकांकिकांची स्पर्धा. प्राथमिक फेरीला जा, दिवसाला दोन-तीन एकांकिका बघायला मिळतात, काही कच्च्या असतात, पण एखादी अशी येते की घरी येईपर्यंत बोलावंसं वाटत नाही. पडदा पडला की 'अरे आव्वाज कुणाचा' ही कॉलेजच्या मुलांची आरोळी सुरू होते, ती एकदा तरी प्रत्यक्ष ऐका. अंतिम फेरीचं तिकीट मिळणं अवघड, घोषणा झाली की त्याच दिवशी हालचाल करा. दुसरी म्हणजे राज्य नाट्य स्पर्धेची पुणे केंद्रावरची फेरी, साधारण हिवाळ्यात, तिकीट अगदी नाममात्र, आणि बँकेत, शाळेत, कंपनीत नोकरी करणारी माणसं रोज संध्याकाळी तालीम करून पूर्ण लांबीचं नाटक उभं करतात. संगीत नाटक ऐकायचं असेल तरीही भरतवरच लक्ष ठेवा.

आता नृत्य. इथे शोधायची पद्धत वेगळी. नाटकाला निर्माता असतो, जाहिरात असते, नृत्याचा कार्यक्रम बहुतेक वेळा गुरू आणि शिष्यांच्या माणसांमार्फतच कळतो. पुणे हे कथकचं मोठं गाव आहे, कथकच्या गुरू रोहिणी भाटेंनी १९४७ साली इथे नृत्यभारती ही संस्था सुरू केली, आणि आज त्यांच्या शिष्यांच्या शिष्यांचे क्लास गल्लोगल्ली आहेत. भरतनाट्यमही तेवढंच. त्यामुळे हिवाळ्यात जवळजवळ दर वीकेंडला कुठेतरी कोणाचा तरी कार्यक्रम असतो, आणि पुष्कळदा प्रवेश विनामूल्य असतो. भरतनाट्यमचं अरंगेत्रम असो नाहीतर कथकचा रंगमंचप्रवेश, म्हणजे शिष्येचा पहिला एकटीचा कार्यक्रम, पत्रिका घरच्यांना वाटलेली असली तरी 'सर्वांसाठी खुला' लिहिलेलं असेल तर निःसंकोच जा. एक मुलगी आठ-दहा वर्षं शिकून पहिल्यांदा दोन तास एकटी उभी राहते, सोबत वाद्यांची साथ लाइव्ह, तिला अनोळखी प्रेक्षक हवेच असतात. माहिती मिळवायला सोपा उपाय, तुमच्या भागातल्या कथक किंवा भरतनाट्यमच्या क्लासच्या ताईंना फोन करून सांगा की मला बघायला आवडतं, कार्यक्रम असला की कळवा. त्या आनंदाने कळवतात.

बसायचं कुठे हे नृत्याला नाटकापेक्षा जास्त महत्त्वाचं. पाय दिसले पाहिजेत. स्टेज उंच असेल तर पहिल्या रांगांतून पाऊल दिसतच नाही, तत्कार, म्हणजे पायांचे ठेके, नुसता ऐकू येतो. मधल्या रांगा घ्या, किंवा उतरती बैठक असलेलं सभागृह असेल तर थोडं मागेच बरं. आणि थोडी तयारी करून गेलात तर दुप्पट मजा. कथकमध्ये बहुतेक तीनताल असतो, १६ मात्रा, पहिली मात्रा म्हणजे सम. मांडीवर हळू टाळी धरून बसा, दोन आवर्तनांत, म्हणजे १६ मात्रांच्या दोन फेऱ्यांत, सम सापडते, आणि मग तोडा (नाचाचा छोटा बांधलेला तुकडा) फिरत फिरत बरोबर समेवर येऊन थांबला की दाद आपोआप निघते. नाचायच्या आधी बोल तोंडाने म्हणतात ती पढंत, ती नीट ऐका, पुढे पायातून काय येणार ते तिथेच कळतं. भरतनाट्यममध्ये अल्लारिपु, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, मग पदम आणि शेवटी तिल्लाना असा कार्यक्रमातल्या भागांचा साधारण क्रम. वर्णम सगळ्यात लांब आणि सगळ्यात कसोटीचं, अर्धा तास सहज चालतं, त्याच्या आधीच मोबाईलवर बोलायला बाहेर जाऊन या, मधे उठू नका. भाषा कळत नाही म्हणून बरेच जण भरतनाट्यम टाळतात, त्यांच्यासाठी सांगते, तंजावरच्या मराठा राजांनी या नृत्यासाठी मराठीत रचना केल्यात, आणि पुण्याच्या भरतनाट्यम नृत्यांगना सुचेता भिडे चापेकरांनी त्यावर अभ्यास करून त्या रंगमंचावर आणल्या. कार्यक्रमपत्रिकेत अशी रचना दिसली तर ती संध्याकाळ मोकळी ठेवा.

लावणी बघायची असेल तर बालगंधर्वचा बोर्ड वाचा. तिथे नियमित कार्यक्रम असतात आणि खास महिलांसाठीचे प्रयोगही होतात, मैत्रिणींना घेऊन जायला ते फार छान.

मुलांना नेणार असाल तर बालनाट्यं उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत जास्त लागतात, सकाळचे प्रयोग असतात. पाच वर्षांखालच्या मुलाला मोठ्यांच्या नाटकाला शक्यतो नेऊ नका. मूल रडलं की आई बाहेर पॅसेजमध्ये उभी राहते आणि तिचं नाटक तिथेच संपतं, मी हे कितीदा तरी बघितलंय.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी एकदा फोन करून खात्री करा, कलाकार आजारी पडला की प्रयोग रद्द होतो आणि मेसेज सगळ्यांपर्यंत पोचेलच असं नाही. तिसऱ्या घंटेला नाटक सुरू होतं, त्याच्या आधी जागेवर असा. मोबाईल सायलेंट नाही, बंद, कारण काळोखात पेटलेली स्क्रीन स्टेजवरून स्पष्ट दिसते. मध्यंतरात बटाटेवड्याला गर्दी होते, दोघं असाल तर एकाने अंक संपताच रांगेत जावं.

आणि नाटक आवडलं तर संपल्यावर रंगपटात, म्हणजे नटांच्या मेकअपच्या खोलीत, जाऊन या. बाजूच्या दाराने विचारून जायचं, आपल्याकडे सहसा कोणी अडवत नाही. नट मेकअप पुसत असतात, बॅकस्टेजवाल्यांनी सेट उतरवायला घेतलेला असतो, त्यांच्या वाटेत उभं राहू नका, टेम्पो बाहेर थांबलेला असतो. सेल्फीच्या आधी नाटकाबद्दल दोन वाक्यं बोला, कुठला प्रसंग आवडला ते सांगा. आणि तिथेच विचारून घ्या, पुण्यात परत कधी. मावशीची तारीख मला शेवटी अशीच मिळाली, सेटची पेटी बांधणाऱ्या दादांकडून.