पालिकेचा अर्थसंकल्प वाचताना या चुका टाळा

मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७.४१ कोटी रुपयांचा होता. आदल्या वर्षापेक्षा वाढ किती? २०२४-२५ च्या सुधारित अंदाजाशी, म्हणजे वर्ष सरण्याआधी नव्याने मांडलेल्या आकड्याशी (६५,१८०.७९ कोटी), ताडून पाहिलं तर १४.१९ टक्के. पण त्या वर्षीचा मूळ अंदाज ५९,९५४.७५ कोटींचा होता. त्याच्याशी ताडलं तर २४ टक्क्यांहून जास्त. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. चूक होते ती एका वर्षी एक पाया आणि पुढच्या वर्षी दुसरा धरल्यामुळे. मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च असे तीन रकाने करा, निदान तीन वर्षांचे आकडे भरा आणि तुलना एकाच रकान्यातल्या आकड्यांची करा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे तरतुदीलाच खर्च समजणं. रस्त्यासाठी तरतूद झाली तरी प्रशासकीय मंजुरी, निविदा, कार्यादेश (काम सुरू करण्याचा आदेश), मोजमाप आणि देयक (बिल) एवढं पार पडल्याशिवाय कंत्राटदाराला पैसे मिळत नाहीत. मध्येच वाहतूक पोलिसांची परवानगी, जलवाहिन्या हलवणं किंवा झाडं तोडण्याची मंजुरी अडते. त्यात मुंबईत पावसाळ्यात रस्ते खोदता येत नाहीत. कार्यादेश जानेवारीत निघाला तर ३१ मार्चपूर्वी जेमतेम दोन-अडीच महिने हाती राहतात. त्या वर्षीची तरतूद पडून राहणार, हे तेव्हाच ओळखावं. म्हणूनच भांडवली तरतुदीच्या (रस्ते, पूल अशा बांधकामांसाठीच्या रकमेच्या) आकड्यावर खूश होण्याआधी मागच्या वर्षी त्यातली किती रक्कम प्रत्यक्षात खर्च झाली, ते पाहा.

उलटही घडतं. मोठ्या प्रकल्पासमोर या वर्षी नाममात्र रक्कम दिसते, पण कंत्राट हजारो कोटींचं असतं आणि देयकं पुढची चार-पाच वर्षं येत राहतात. त्यामुळे वार्षिक तरतुदीशेजारी एकूण दायित्वही, म्हणजे पुढे द्यावी लागणारी सगळी रक्कमही लिहा. काम पूर्ण झाल्यावर देखभाल, वीज आणि कर्मचाऱ्यांचा खर्च महसुली बाजूला, म्हणजे दरवर्षीच्या चालू खर्चात, कायमचा चढतो. पूल, बोगदे आणि रुग्णालयांच्या बाबतीत याकडे दुर्लक्ष होतं, ते आम्हाला फार घातक वाटतं.

जमेच्या बाजूला राखीव निधीतून केलेलं अंतर्गत तात्पुरतं हस्तांतरण, म्हणजे पालिकेने स्वतःच्याच साठवलेल्या पैशातून तात्पुरती घेतलेली रक्कम, हे उत्पन्न नाही. ते वेगळं काढा. जकात १ जुलै २०१७ पासून बंद झाली. तिच्या बदल्यात राज्याकडून येणारी भरपाई पालिकेच्या स्वतःच्या करांत मिसळू नका. पालिकेच्या अर्थसंकल्पाचे अक्षरांनी ओळखले जाणारे वेगळे भाग असतात: शाळांचे पैसे ‘ई’ अर्थसंकल्पात आणि पाणीपुरवठा व मलनिःसारणाचे ‘ग’ मध्ये शोधा.

आपल्या वॉर्डातल्या कामाचा आकडा जुळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा: शुल्क १० रुपये, एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. ‘काम का रखडलं?’ असं विचारू नका. कार्यादेशाची तारीख, कंत्राटाची रक्कम, आजवर अदा केलेली रक्कम आणि मोजमाप पुस्तिकेतील नोंदींच्या प्रती मागा.