जंतांच्या प्रयोगात या चुका टाळा, मग औषधाला नावं ठेवा

उंदरांना जंतांच्या अळ्या पाजून औषध तपासायचा प्रयोग फसला की लोक आधी औषधावर संशय घेतात, मग उंदरांवर. अळ्यांच्या ट्यूबकडे कुणी बघतच नाही आणि घोळ बऱ्याचदा तिथेच असतो.

तिसऱ्या स्टेजच्या (इन्फेक्शन लावणाऱ्या) अळ्या पाण्यात तरंगत नाहीत, काही मिनिटांत तळाला जातात. आमच्याकडे एका नवीन मुलाने ट्यूब एकदाच हलवली आणि निवांत वरवरचं पाणी ओढत डोस देत बसला, आधी औषधाचा ग्रुप आणि शेवटी कंट्रोल (ज्यांना औषध द्यायचं नाही तो ग्रुप), म्हणजे औषधवाल्यांना जवळपास नुसतं पाणी आणि कंट्रोलला तळाच्या सगळ्या अळ्या. मोजणीत औषधवाल्यांकडे जंत नावालाच! सगळे खूश, प्रेझेंटेशनसुद्धा झालं. पुन्हा केलं तर दोन्ही ग्रुप सारखेच. नशीब पेपर गेला नव्हता.

मी दर वेळी सिरिंज भरायच्या आधी ट्यूब उलटीसुलटी करते, सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी थेंब मायक्रोस्कोपखाली मोजते आणि पिंजऱ्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवते. वेळ जातो, जाऊ दे. 'एकदा व्हॉर्टेक्स (मशीनवर घुसळणं) केलं की झालं' म्हणणाऱ्यांच्या हातात मी ट्यूबच देत नाही.

दुसरी डोकेदुखी फीडची. उंदरांच्या कॉलनीत पिनवर्म (आतड्यातले बारीक जंत) निघाले की अॅनिमल हाऊसवाले फेनबेंडाझोल हे जंतांचं औषध घातलेलं फीड चालू करतात, त्यांचं बरोबरच आहे, पण तेच औषध आपले जंतही मारतं ना! लोक मात्र उंदरांची स्ट्रेन (जात) बदलतात, अळ्या नवीन मागवतात, तरी इन्फेक्शन काही लागत नाही. डोसच्या आधी फीडची गोणी बघा, मागच्या काही आठवड्यांत काय दिलं ते विचारा. पिनवर्मही स्वतः तपासा: त्यातल्या सिफॅशिया जातीची अंडी गुदद्वाराजवळ सेलोटेप लावून दिसतात, अॅस्पिक्युल्युरिसची विष्ठेत शोधावी लागतात.

हेमॉन्कस (मेंढीच्या जठरातला जंत) गर्बिलला (उंदरासारखा छोटा प्राणी) देताना अळीचं बाहेरचं आवरण आधी काढा. मेंढीत ते काम रुमेनमध्ये (पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात) होतं, गर्बिलला रुमेन नाही. सोडियम हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीचमध्ये) घातल्यावर बघत राहा आणि आवरण निघालं की लगेच धुवा, फोनवर बोलत बसू नका.

नंतर गर्बिलच्या विष्ठेत हेमॉन्कसची अंडीही शोधू नका, तिथे तो सहसा चौथ्या स्टेजच्या पुढे जात नाही. साधारण नवव्या-दहाव्या दिवशी जठर उघडून मोजायचं.

हेलिग्मोसोमॉइडिस हा जंत उंदराच्या लहान आतड्यात असतो, जठरात शोधणारेही भेटलेत मला! सीबीए स्ट्रेनच्या उंदरांत तो महिनोन्महिने टिकतो, एसजेएलमध्ये लवकर बाहेर पडतो, तेव्हा जो उंदीर मोकळा आहे तो घेतला असं चालत नाही.

आणि गर्बिलला शेपटीच्या टोकाला धरून उचलू नका, कातडी सोलून निघते. त्याचे हाल होतात ते होतातच, वर एथिक्स कमिटीला उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.